फोनवर नको, टॅबवर वाचा: मंगा प्लस ॲपचा दीड वर्षाचा अनुभव

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा मेसेज आला, अगं तू सांगितलेलं ते कॉमिक्सचं ॲप टाकलं, दोन भाग वाचले आणि डोळे दुखायला लागले, अक्षरं मुंगीएवढी, मारामारीत कोण कुणाला मारतंय तेही कळेना, शेवटी काढून टाकलं. मी तिला लगेच फोन केला, विचारलं कशावर वाचलंस, तर म्हणाली फोनवर. म्हटलं मग ॲपला कशाला बोल लावतेस, घरात मुलांचा टॅब आहे ना, त्यावर टाक आणि तेच दोन भाग परत बघ. हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच, कारण मी स्वतः चार महिने फोनवर कॉमिक्स वाचून "स्क्रीनवर कॉमिक्स वाचण्यात मजा नाही" असं ठरवून मोकळी झाले होते आणि ते साफ चुकीचं होतं.

ॲपचं नाव मंगा प्लस. जपानची शुएइशा नावाची प्रकाशन कंपनी आहे, 1968 पासून शोनेन जंप मासिक काढणारी (आता ते साप्ताहिक आहे, पण आपण सगळ्यालाच मासिक म्हणतो), तिचं हे स्वतःचं अधिकृत ॲप, जानेवारी 2019 मध्ये आलं. मंगा म्हणजे जपानी कॉमिक्स, बहुतेक काळीपांढरी, उजवीकडून डावीकडे वाचायची. जपानात ज्या दिवशी भाग छापून येतो त्याच दिवशी इंग्रजीत ॲपवर येतो आणि तोही फुकट. आठवड्याच्या ज्या मोठ्या मालिका आहेत त्यांचा नवा भाग जपानात सोमवार लागताच रात्री बाराला येतो, आणि तेव्हा आपल्याकडे रविवारचे संध्याकाळचे साडेआठ वाजलेले असतात. आमच्या घरात आता रविवारचं जेवण साडेआठच्या आत उरकतं. बहीण वरच्याच मजल्यावर राहते, तिचा मुलगा सातवीत आहे, तो आठ पंचवीसला खाली येऊन सोफ्यावर बसतो आणि हाक मारतो, "मावशी, चल ना, पाचच मिनिटं राहिली." लहानपणी पेपरवाला रविवारची पुरवणी टाकायचा तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहायचे, तसंच वाटतं मला ते.

फुकट म्हणजे कसं ते नीट समजून घ्या. मालिकेचे पहिले तीन आणि ताजे तीन भाग कधीही वाचता येतात. मधले भाग, म्हणजे ज्या मालिका अजून चालू आहेत त्यांचे, ॲपवर पहिल्या वेळी फुकट उघडतात, पण एकदाच, तोच भाग परत वाचायचा असेल तर महिन्याचा पैसे भरायचा प्लॅन घ्यावा लागतो. हे 2023 पासून असं आहे. मला ही योजना चांगली वाटते, कारण नवीन माणसाला एक पैसा न घालवता अख्खी मालिका पहिल्यापासून वाचून बघता येते. फक्त यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, जी मला कुणी सांगितली नव्हती. फुकटचं ते एक वाचन फोनवर घालवू नका. बसमध्ये उभं राहून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने स्क्रीन सरकवत जो भाग संपवला तो संपला, नंतर घरी टॅबवर निवांत बघू म्हटलं तर तो बंद झालेला असतो. मी एका मालिकेचे पहिले साठेक भाग असेच फोनवर घालवले. गोष्ट कळली, पण चित्रं मी पाहिलीच नाहीत असं आता वाटतं.

आता पट्टीची गोष्ट. एका रविवारी मी खरंच भाच्याच्या कंपासातली पट्टी घेतली आणि मोजत बसले. माझा फोन साडेसहा इंची, म्हणजे ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप झालं, रुंदी भरते जेमतेम पावणेसात सेंटीमीटर. मंगाचं छापील पुस्तक आपल्या पॉकेटबुकसारखं असतं, साधारण अकरा सेंटीमीटर रुंद आणि साडेसतरा उंच. ते पान फोनवर बसवलं की रुंदी साठेक टक्क्यांवर येते, खालीवर काळ्या पट्ट्या राहतात आणि पानाचं क्षेत्रफळ धरलं तर छापील पानाच्या एक तृतीयांशापेक्षा थोडंसंच जास्त हातात उरतं. अमेरिकन कॉमिक्सचं तर विचारू नका, ते पान सतरा बाय सव्वीस सेंटीमीटरच्या आसपास असतं, फोनवर त्याचा सहावा हिस्सा होतो, मग तुम्ही चिमटीने मोठं करता, मग उजवीकडचं दिसतं तर डावीकडचं जातं, वाक्य अर्धं राहतं, आणि दहा पानांनंतर माणूस वैतागून रील बघायला लागतो. चित्रकाराने चार-सहा चौकटी एका पानावर मुद्दाम विशिष्ट तऱ्हेने मांडलेल्या असतात, नजर आधी कुठे जावी, कुठे थांबावी हे त्याने ठरवलेलं असतं, ते सगळं चिमटीत मरतं.

टॅब माझ्याकडे अकरा इंची आहे, मध्यम किमतीचा, काही खास नाही. त्यावर उभं धरलं की मंगाचं पान छापील पुस्तकापेक्षाही मोठं दिसतं, आणि आडवं धरलं की दोन पानं शेजारी शेजारी येतात, प्रत्येक पान छापील पुस्तकाहून थोडंसंच लहान. हे दोन पानांचं फार महत्त्वाचं आहे. मंगात मोठ्या प्रसंगाला चित्रकार समोरासमोरची दोन्ही पानं मिळून एकच चित्र काढतो, वादळ, शहर, उडी, काय असेल ते. टॅब आडवा करून असं पहिलं चित्र आम्ही बघितलं तेव्हा भाचा काही बोललाच नाही, नुसता स्क्रीनला नाक लावून बसला, नंतर कोपऱ्यातली एकेक खिडकी मोजायला लागला. तोच प्रसंग त्याने मित्राच्या फोनवर आधी वाचलेला होता. त्याला तो आठवतसुद्धा नव्हता.

ज्यांना नवीन टॅब घ्यायचाच आहे आणि मुख्यतः मंगाच वाचायचंय त्यांना आठ इंची पुरतो, पट्टी लावली तर आठ इंची टॅबची स्क्रीन आणि मंगाचं छापील पान जवळजवळ सारखंच भरतं. शिवाय हलका असतो, झोपून वाचता येतो. अकरा इंची अर्धा किलोच्या आसपास असतो, पंधरा मिनिटांनी मनगट बोलायला लागतं, मी तो उशीवर टेकवून ठेवते. अमेरिकन रंगीत कॉमिक्सही वाचायची असतील तर मात्र अकराच्या खाली जाऊ नका.

काळ्यापांढऱ्या मंगात सावली दाखवायला बारीक ठिपक्यांचा पडदा वापरतात, त्याला स्क्रीनटोन म्हणतात. फोनवर किंवा स्वस्तातल्या कमी रेझोल्यूशनच्या टॅबवर पान लहान झालं की हे ठिपके आणि स्क्रीनचे ठिपके एकमेकांवर चढतात आणि कपड्यावर, आकाशावर लाटा लाटा दिसायला लागतात. टीव्हीवर बारीक चौकडीचा शर्ट घातलेला माणूस आला की शर्ट कसा वळवळतो, तसंच. पहिल्यांदा मला वाटलं चित्रच तसं आहे! म्हणून टॅब घेताना दुकानात एखादं काळंपांढरं मंगाचं पान उघडून बघा, सेल्समन दाखवतो तो रंगीत फुलांचा व्हिडिओ बघून काही कळत नाही. स्क्रीन चकचकीत असेल तर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब काळ्या भागात पडतं, मी खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललॅम्प मागे ठेवते आणि ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणते, डोळ्यांना त्रास होत नाही.

वाचताना पानं आडवी सरकवायची की उभी, हे ॲपमध्ये निवडता येतं. आडवीच ठेवा. कारण सांगते. मंगावाला भागातला धक्का पान उलटल्यावर येईल असा बेतून ठेवतो, डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून बघतो आणि उलटल्यावर कळतं कशाला दचकला. उभं स्क्रोल करताना पुढच्या पानाचं डोकं आधीच खालून वर यायला लागतं आणि सगळा धक्का फुकट जातो. भाचा सुरुवातीला उभंच वाचायचा, सवय रीलची. एकदा एकच भाग दोघांनी वेगवेगळा वाचला, त्याने उभा आणि मी आडवा, मग बोललो, तर मला ज्या पानावर आई गं झालं होतं ते पान त्याच्या लेखी नेहमीसारखंच एक पान होतं. तेव्हापासून आडवं.

उजवीकडून डावीकडे वाचायचं हे पहिल्या दोन भागांत जड जातं, नंतर नाही. चौकटीही उजवीकडून आणि संवादांचे फुगेही उजवीकडून. बोट डावीकडून उजवीकडे सरकवलं की पुढचं पान येतं, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोब्बर उलट. माझ्या आईने एकदा चष्मा लावून एक भाग वाचायचा प्रयत्न केला, म्हणाली हे सगळे आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात. तिला सांगितलं उजवीकडून वाच, मग तिने पूर्ण भाग वाचला आणि विचारलं पुढे काय झालं. सत्तरीची आहे ती.

पालकांसाठी एक कळकळीची सूचना. कॉमिक्स म्हणजे लहान मुलांचं, हे मंगाच्या बाबतीत अजिबात धरून चालू नका. काही मालिकांमध्ये रक्तपात भरपूर आहे, काही सरळ मोठ्यांसाठी आहेत. मुलाला द्यायच्या आधी कुठल्याही मालिकेचे फुकटचे पहिले तीन भाग स्वतः वाचा, अर्धा तास लागतो. मी भाच्यासाठी अशा दोन मालिका बाजूला काढल्या आणि त्याला कारणही सांगितलं, त्याने कुरकुर केली पण ऐकलं.

चोरीच्या साईटवर सगळंच फुकट मिळतं मग ॲप कशाला, असं मला तीन जणांनी तरी म्हटलंय. जपानात मंगामुरा नावाची अशीच प्रचंड साईट होती, 2018 मध्ये बंद झाली, तिथे त्यावर केवढा गदारोळ झाला होता. मला विचाराल तर आता कारणच उरलेलं नाही. इथे त्याच दिवशी, नीट भाषांतर केलेलं, स्वच्छ चित्रांचं पान मिळतंय, जाहिरातींच्या घाणीतून वाट काढायची नाही, आणि आपण वाचल्याची नोंद चित्रकाराच्या कंपनीकडे होते. आठवड्याला वीसेक पानं काढणारी ही माणसं किती राबतात याची कल्पना करा, आणि मग त्यांचं काम चोरून वाचावंसं वाटतं का बघा.

आता फोनच आहे, टॅब नाही आणि घ्यायचाही नाही, अशांनी काय करायचं? तुम्ही फोनसाठीच बनवलेली कॉमिक्स वाचा. कोरियन वेबटून. नेव्हर कंपनीने 2004 मध्ये कोरियात सुरू केलं, इंग्रजीत 2014 पासून आहे, वेबटून याच नावाचं ॲप. यात पान नसतंच, एक लांबच लांब उभी पट्टी असते, रंगीत, अंगठ्याने खाली खाली सरकत जायचं. अक्षरं मोठी, एका वेळी एकच चौकट समोर. आणि यातले चांगले चित्रकार ती मधली मोकळी जागा काय सुंदर वापरतात, कुणी विहिरीत पडतंय तर चार-पाच स्क्रीन नुसता अंधार, तुमचा अंगठा खाली जातोय आणि तो माणूस पडतोच आहे. हे छापील पानावर जमणारच नाही. आणि गंमत म्हणजे हेच टॅबवर उघडलं तर बेढब दिसतं, तोंडं थाळीएवढी. म्हणून म्हणते, हातात जी स्क्रीन आहे ती बघून कॉमिक्स निवडा.

अमेरिकन कॉमिक्ससाठी मार्व्हल अनलिमिटेड आहे, 2007 पासून चालू आहे, तीस हजारांवर अंक आहेत, नवीन अंक छापून आल्यावर तीनेक महिन्यांनी येतो. त्यांनीही 2021 मध्ये फोनसाठी उभी सरकणारी वेगळी कॉमिक्स सुरू केली, म्हणजे फोनवर पान बसत नाही हे त्यांनाही पटलेलं दिसतंय. आणि मग आहे गायडेड व्ह्यू, स्क्रीनवर वाचायची कॉमिक्स विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीवाल्यांनी लोकप्रिय केलेली पद्धत, बोट लावलं की एक चौकट पूर्ण स्क्रीनभर, परत लावलं की पुढची. कॉमिक्सॉलॉजी 2014 मध्ये ॲमेझॉनने घेतली, डिसेंबर 2023 मध्ये तिचं वेगळं ॲप संपलं आणि सगळं किंडल ॲपमध्ये गेलं, ही सोय तिथे मिळते. फोनवर अक्षरं वाचायला ती खरोखर उपयोगी आहे. आपल्या अमर चित्र कथेसारख्या, सरळ चौकोनी चौकटींच्या कॉमिक्सला तर छान बसते, कारण तिथे प्रत्येक चौकट स्वतःपुरती पूर्ण असते, वर निवेदन, खाली चित्र. पण जिथे चौकटी तिरप्या आहेत, एकमेकींत घुसलेल्या आहेत, तिथे गोष्टीचा श्वास तुटतो. मी तिथे आधी पूर्ण पान बघते आणि मग चौकटीचौकटीने जाते, वेळ जास्त लागतो पण वाचल्यासारखं वाटतं.

विकत घेण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एका लहानशा ॲपवर मी काही वर्षांपूर्वी दहाबारा अंक पैसे देऊन घेतले होते, ते ॲप एक दिवस उघडायचंच बंद झालं, मेल केले, उत्तर नाही, अंक गेले. फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्यातला एक अंक मला परत परत वाचायचा होता म्हणून. बऱ्याच ॲपवर आपण "विकत घ्या" दाबतो तेव्हा आपल्याला वाचायची परवानगी मिळते, वस्तू मिळत नाही. कपाटातलं कॉमिक्स कुणी येऊन काढून नेत नाही. म्हणून आता मी ॲपवर भाड्याने वाचल्यासारखं वाचते, जसं लहानपणी लायब्ररीतून रोजच्या भाड्याने आणायचो तसं, आणि जे मनात बसलं त्याची छापील प्रत घेते, किंवा जिथे फाईल खरोखर आपल्या हातात देतात तिथून घेते. सीबीझेड नावाची फाईल असते, घाबरायचं काही नाही, नुसती चित्रांची झिप असते ती, आपल्याकडच्या फाईली उघडणाऱ्या बहुतेक कॉमिक्स ॲपमध्ये उघडते.

मराठीचं काय, हा प्रश्न माझ्याही मनात पहिल्या दिवसापासून आहे. मंगा प्लसच्या भाषांत इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, थाई, इंडोनेशियन अशा भाषा आहेत, मराठी नाही, हिंदीही नाही. इंडोनेशियाला मिळतं, थायलंडला मिळतं, मग आपल्याला का नाही, एवढे वाचणारे असून? सातवीतल्या मुलाला इंग्रजी जमतं म्हणून तो वाचतो, त्याच्या वर्गातली निम्मी मुलं वाचू शकत नाहीत, ती फक्त चित्रं बघून सोडून देतात, आणि ते बघून मला आतून तुटतं. कारण आपल्याकडे हे होतं. 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, मराठीतही निघायचं, फँटमचा वेताळ झाला आणि तो इतका आपला झाला की माझ्या वडिलांना तो मूळचा अमेरिकन आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं. 1990 मध्ये ते बंद पडलं.

वडिलांच्या ट्रंकेत त्यातले पंधरा अंक निघाले. पानं पिवळी, कडा तुटलेल्या, पहिल्या पानावर शाईने त्यांचं नाव आणि इयत्ता. या दिवाळीच्या सुट्टीत मी ते स्कॅन करायला घेतले, आमच्या घरापुरतेच, 300 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 300 ठिपके). एक सूचना, पानांना नावं 001, 002 अशी द्या, नुसतं 1, 2 दिलं तर काही ॲपमध्ये एकनंतर थेट दहावं पान येतं. मग झिप केलं, नाव बदलून सीबीझेड केलं, टॅबवर टाकलं. पिवळ्या कागदावरचे ते जुने रंग टॅबवर काय उजळून दिसतात, आणि छापील अंक परत ट्रंकेत सुरक्षित.

भाच्याला दिलं वाचायला. त्याने मराठी कॉमिक्स आयुष्यात पहिल्यांदा उघडलं होतं. दोन पानं झाल्यावर म्हणतो, "मावशी, हा वेताळ आधी ठोसा मारतो आणि मग विचारतो तू कोण?" बघते तर सवयीने उजवीकडून वाचत होता. त्याला डावी बाजू दाखवली, आजोबा पण येऊन शेजारी बसले, आणि आम्ही परत पहिल्या पानापासून सुरू केलं. तीन अंक स्कॅन झालेत, बारा बाकी आहेत, आणि तो आता रोज संध्याकाळी विचारतो किती झाले म्हणून.